जीपच्या कापडी हुडाची मागची काच बदलायची, पण हूड तोच ठेवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८९ सालची महिंद्रा एमएम ५४०, कॅनव्हासचा हूड, मागच्या पडद्यातली प्लास्टिकची काच पिवळी पडून खालच्या कोपऱ्यातून तडकलेली. सीटकव्हरवाला म्हणतो अख्खा हूड बदला. तुम्हाला फक्त काच बदलायची आहे, तीही पावसाळ्याआधी. शीट किती जाडीची घ्यावी आणि घरच्या शिवणयंत्रावर हे काम होईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

काच बदलता येते. या कामात काच हाच सगळ्यात सोपा भाग आहे. ती मीटरवर मिळते आणि कात्रीने कापली जाते. खरा प्रश्न असा, की जुनी टीप उसवल्यावर नवी टीप धरायला कापडात जीव उरला आहे का? सीटकव्हरवाला हूड बदला म्हणतो ते दरवेळी धंदा वाढवण्यासाठी नसतं. काचेभोवतीची कापडाची किनार कुजलेली असेल, तर तिथे केलेली शिलाई एका पावसाळ्यात उसवते आणि बोल त्याला लागतो. म्हणून शीट आणायला जाण्याआधी कापड तपासा.

पडदा काढून उजेडात धरा. टिपेची भोकं लांबट झालेली दिसतात का बघा. गोल भोक म्हणजे कापड शाबूत, लांबट भोक म्हणजे दोरा कापडाला कापत चालला आहे. मग टिपेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून कापड जोरात ताणा. तळाच्या कडेला हे नक्की करा, कारण पाणी तिथे साचतं आणि सुती कॅनव्हास आधी तिथेच कुजतो. करकर आवाज आला किंवा धागे सुटले तर ती किनार गेली. शेवटी काचेपासून हातभर लांब, हुडाच्या सांगाड्याच्या कमानीवरच्या कापडात जाड सुई टोचून बाजूला ओढा. तिथेही कापड फाटत असेल तर मात्र सीटकव्हरवाल्याचंच ऐका, नव्या काचेवर खर्च करू नका. फक्त किनार गेली असेल आणि बाकी कापड चांगलं असेल, तर किनारीला आतून नव्या कापडाची ४० ते ५० मिमी रुंद पट्टी चौकटीसारखी लावायची आणि काच त्या पट्टीवर शिवायची. हा उपाय पक्का आहे. हूड रेक्झिनचा असेल तर कुजण्यापेक्षा तडकणं बघावं लागतं. किनार दुमडून पाहा. वरचा थर तडकून आतलं विणकाम उघडं पडत असेल, तर त्याच जागी सुई घालू नका.

दुसरी एक शक्यता आधीच बाजूला काढतो. काच नुसती धुरकट झाली असेल, तडा नसेल आणि हाताला लवचीक लागत असेल, तर प्लास्टिकसाठीच्या पॉलिशने ती बरीच साफ होते. धुरकटपणा वरच्या थरातल्या बारीक ओरखड्यांचा असतो. पिवळेपणा मात्र आतपर्यंत गेलेला असतो, त्याला पॉलिश लागू पडत नाही. तुमची काच तडकलीच आहे, त्यामुळे ती बदलावीच लागेल.

ती तडकली का, हेही समजून घ्या, म्हणजे नव्या काचेचं तसं होणार नाही. ही काच म्हणजे मऊ पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात तेलासारखं द्रव्य मिसळून ते मऊ केलेलं असतं. ऊन, गाडीतली उष्णता, पेट्रोल-डिझेलचा हात आणि काच पुसायचे अमोनियावाले फवारे यांनी हे द्रव्य हळूहळू निघून जातं. मग शीट कडक होते, आकसते आणि थंडीतल्या एखाद्या सकाळी पडदा गुंडाळताना तडकते. यातलं आकसणं लक्षात ठेवा. पुढे मापाच्या वेळी बहुतेक जण इथेच फसतात.

आता शीट. काचेच्या शीटसाठी दोन गोष्टी विचारा: जाडी आणि उन्हात टिकण्याची हमी. जीपचा मागचा पडदा गुंडाळला जातो, म्हणून ०.७५ मिमी जाडी योग्य. ०.५ मिमी शिवायला सोपी, पण वाऱ्यात फडफडते आणि तिच्यावर लाटा दिसतात. १ मिमी न गुंडाळायच्या काचेला चांगली, पण गुंडाळताना कोपऱ्यातल्या टाक्यांवर फार ताण देते. मात्र पडदा तुम्ही वर्षभर खालीच ठेवत असाल, तर १ मिमी बिनधास्त घ्या.

जाडी सांगताना ‘गेज’ हा शब्द वापरू नका. परदेशी व्हिडिओत ३० गेज म्हणतात ते इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे साधारण ०.७६ मिमी. आपल्या बाजारात प्लास्टिकचं १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन. या हिशेबाने तुम्ही ३० गेज मागितलं तर दुकानदार गोंधळेल किंवा भलतीच पातळ पन्नी हातात ठेवेल. मिलिमीटरमध्ये मागा आणि जमल्यास जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन जा.

टेबलावर घालायची पारदर्शक शीट मीटरवर सगळीकडे मिळते, तीही पीव्हीसीच असते आणि दुकानदार ‘तीच आहे’ म्हणून देतो. ती उन्हासाठी बनवलेली नसते, लवकर पिवळी पडते. शिवाय तिच्यातून मागची गाडी वाकडी दिसते. ओळखायची रीत सोपी आहे. शीट डोळ्यांपासून फूटभर लांब तिरकी धरा आणि तिच्यातून खिडकीचे गज किंवा शटरच्या रेघा बघा. रेघा सरळ दिसल्या तर शीट चांगली, पाण्यात बघितल्यासारख्या हलल्या तर परत द्या. हुडाचं सामान किंवा बोटींचं कापड विकणाऱ्यांकडे उन्हाला टिकणारी शीट मिळते, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना कागद किंवा पातळ फिल्म लावून. घडी घातलेली शीट घेऊ नका, गुंडाळीतूनच कापून घ्या. घडीची रेघ जात नाही. ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट कुणी सुचवलं तर नको म्हणा, ते गुंडाळता येत नाही आणि टाक्यांच्या भोकांपासून तडे जातात.

किती लागेल? तुमच्या पडद्यातलं काचेचं भोक ६० × ३० सेमी धरू. चारही बाजूंना २५ मिमी किनार हवी, म्हणजे तुकडा ६५ × ३५ सेमी. अर्धा मीटर शीट पुरते आणि चाचणीच्या टाक्यांसाठी तुकडेही उरतात. परीघ १.८ मीटर. दोन ओळी शिवायच्या तर ३.६ मीटर टीप. मशिनच्या टिपेला लांबीच्या साधारण तिप्पट दोरा जातो, म्हणजे वरचा-खालचा मिळून ११ मीटर. सगळ्यात लहान रीळही उरेल, तेव्हा दोऱ्यात काटकसर करू नका. ६ मिमी रुंदीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप दोन मीटर आणि आतल्या पट्टीसाठी त्याच जातीचं कापड, एवढं सामान झालं.

दोरा बॉन्डेड पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा ओला झाला की फुगतो आणि भोक बुजवतो हे खरं, पण कोकणातल्या किंवा घाटातल्या पावसाळ्यात तो कुजतो. नायलॉन ताकदीला चांगला, पण उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर खराब होतो. औद्योगिक मशिनवर ३० नंबरचा दोरा आणि ११०/१८ किंवा १२०/१९ ची सुई. २० नंबरचा जाड दोरा हुडाच्या पट्ट्यांना ठीक आहे, पण काचेला उगाच मोठी भोकं पाडतो. शीटमध्ये पडलेलं भोक बुजत नाही. कापडाचे धागे सुई गेल्यावर पुन्हा सरकून जवळ येतात, प्लास्टिकमध्ये भोक ते भोक.

माप घेण्यासाठी पडदा गाडीवर लावा, पट्टे-बकल कसा आणि लांबून बघा. काचेच्या कोपऱ्यांपासून कापडात तिरक्या सुरकुत्या गेलेल्या दिसल्या तर जुनी काच आकसली आहे आणि तिने कापड आत ओढलं आहे. अशा वेळी जुन्या काचेवरून नवी कापली, तर तुम्ही तो दोष जसाच्या तसा पुन्हा शिवणार. नवा पडदाही ओढलेला दिसेल आणि खालचे पट्टे त्यांच्या हुकांपर्यंत पोचायला कुरकुर करतील. सुरकुत्या नसतील तर जुन्या भोकाचा आकार बरोबर आहे, तोच धरा. दोन्ही प्रकारात ताणलेल्या पडद्याची बाहेरची रुंदी आणि उंची मोजून लिहून ठेवा. दोन्ही कर्णही मोजा. पडदा शिवून झाल्यावर ही मापं पुन्हा जुळली पाहिजेत.

उसवण्याआधी कापडावर आणि काचेवर मिळून, टीप ओलांडणाऱ्या छोट्या आडव्या खुणा करा: प्रत्येक कडेच्या मध्यावर एक आणि कोपऱ्यापासून ५ सेमीवर दोन्हीकडे एकेक. टेलरचा खडू पुरतो. शीटवर मात्र बॉलपेन किंवा मार्कर चालवू नका, शाई पीव्हीसीत मुरते आणि वर्षांनीही दिसते. मास्किंग टेप चिकटवा आणि तिच्यावर खूण करा.

मग पडदा प्लायवुडवर सपाट अंथरा आणि बाहेरच्या कडेने टाचण्यांनी घट्ट बसवा. बाहेरच्या कडेचं माप गाडीवर घेतलेल्या मापाशी जुळवूनच टाचण्या मारायच्या. सुरकुत्या नसतील तर भोकाची रेघ पेन्सिलीने प्लायवुडवर उतरवा आणि मग उसवा. सुरकुत्या असतील तर आधी उसवा, कापडाची किनार ओलसर फडक्यातून कोमट इस्त्रीने सपाट करा आणि नंतर रेघ काढा. रेक्झिन असेल तर इस्त्री अजिबात नको, थोडा वेळ उन्हात ठेवून हाताने सपाट करा. ब्लेडने उसवताना एक टाका सोडून एक कापत जा आणि दोरा आतल्या बाजूने ओढा. बाहेरून खेचला तर भोकं फाटतात.

आता जोडणीची रचना. बहुतेक हुडांत कापड बाहेर, काच आत आणि तिच्यामागे आतून कापडाची पट्टी, असे तीन थर असतात. वरच्या आणि बाजूच्या कडांना हे बरोबर आहे. वरच्या कडेला कापड काचेवर यायलाच हवं, कौलांसारखं: वरचं कौल खालच्यावर, म्हणजे पाणी खाली वाहून जातं. तळाच्या कडेला मात्र तीच रचना उलटी पडते. काचेवरून ओघळलेलं पाणी कापडाच्या किनारीमागे शिरून तिथल्या खिशात साचतं. म्हणूनच हुडांची तळकड आधी कुजते आणि म्हणूनच तुमची काच खालच्या कोपऱ्यातून गेली असावी. पडदा उघडलाच आहे तर तळाला क्रम बदला. काच कापडाच्या बाहेरून १५ ते २० मिमी खाली उतरवा आणि तिच्यावर बाहेरून अरुंद पट्टी शिवा. दिसायला थोडं वेगळं दिसतं आणि मूळ रूप जपायचं असेल तर पटणार नाही. मूळ रूपच ठेवायचं असेल तर तळाच्या शिवणीला आतून-बाहेरून सीलर, म्हणजे भोकं-फटी बुजवणारं द्रव्य, लावणं अटळ आहे.

काच कापताना कोपरे चौकोनी ठेवू नका. चौकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका टाक्यावर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. वाटीच्या कडेने ३० ते ४० मिमी त्रिज्येची गोलाई काढा. कापताना कागद किंवा फिल्म काढू नका. फक्त कडेची दोन बोटं रुंदीची फिल्म सोलून घ्या, कारण शिवल्यावर टिपेखाली अडकलेली फिल्म कधीच नीट निघत नाही.

टाचण्या काचेत मारायच्या नाहीत, हे उघड आहे. काच टेपने धरायची. टेप टिपेच्या रेघेच्या बाहेर लावा, सुई तिच्यातून जाऊ देऊ नका. चिकट गोंद सुईला लागला की टाके सुटायला लागतात. काच आधी वरच्या कडेच्या मध्यावर चिकटवा, मग तळाच्या मध्यावर, मग दोन्ही बाजूंच्या मध्यावर, सगळ्यात शेवटी कोपरे. एका कोपऱ्यापासून सुरू करून गोल फिरलात तर सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते आणि तिथे फुगा येतो. कॅनव्हास उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने ताणला जात नाही, तिरका मात्र सहज ताणला जातो. कोपऱ्यात हात तिरकाच पडतो, म्हणून तिथे कापड ओढू नका, ठेवल्यासारखं ठेवा.

तापमानाचं गणितही आहे. मऊ पीव्हीसी तापलं की पसरतं. ६० सेमीच्या काचेत २० अंशांच्या फरकाने मिलिमीटर-दोन मिलिमीटर फरक पडतो आणि तेवढ्याने लाटा दिसतात. गार सकाळी शिवलेली काच दुपारी ढिली पडते. भर उन्हात तापवून शिवलेली काच थंडीत टाक्यांना ओढते. खोलीत ३० अंशांच्या आसपास, शीट तासभर त्याच खोलीत सपाट ठेवून मग शिवणं सगळ्यात बरं. थोडी ऊब जास्त असली तर चालेल, गारवा नको.

घरच्या मशिनवर होईल का? काळं, लोखंडी, पायाचं मशीन असेल तर अडखळत होईल. अडचण ताकदीची नसते, ओढण्याची असते. या मशिनला खालून दाते असतात आणि वरचा पाय, म्हणजे सुईजवळची दाबपट्टी, नुसता दाबून धरतो. पीव्हीसी त्या पायाला चिकटतं, खालचं कापड पुढे सरकतं आणि काच मागे राहते. म्हणून हुडवाले वरचा पायही चालणारं मशीन वापरतात. घरी करायचंच असेल तर टेफ्लॉनचा पाय लावा, किंवा काचेवर पातळ कागदाची पट्टी ठेवून कागदासकट शिवा आणि नंतर कागद फाडून काढा. टाल्कम पावडरही चालते. तेल लावू नका, मागाहून सीलर धरत नाही. दोरा ४० नंबरचा, सुई ११०/१८, पायाचा दाब कमी आणि कोपऱ्यात चाक हाताने फिरवायचं. आतली पट्टी धरून तीन थर झाले की मशीन कुंथायला लागलं तर जबरदस्ती करू नका. सुई वाकली की शीटमध्ये भलत्या जागी भोक पडतं आणि ती शीट वाया जाते. हलकं आधुनिक झिगझॅग मशीन मात्र या कामाला लावू नका.

दुसरा मार्ग मला घरच्या मशिनपेक्षा जास्त आवडतो: हाताने शिवणं. मोची चामड्याला घालतात तसा, दोन सुयांचा टाका. कापडातल्या जुन्याच भोकांतून आरीने काचेत भोक पाडत जायचं आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुया घालून दोरा ओढायचा. कापडात एकही नवं भोक पडत नाही आणि एखादा टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. ही मशिनच्या टिपेत नसलेली सोय आहे. १.८ मीटरच्या परिघाला अर्धा-पाऊण दिवस जातो. कापड अर्धवट थकलेलं असेल तर माझं मत स्पष्टपणे हाताच्या शिलाईकडे आहे. गावात चांगला मोची असेल तर खुणा केलेला, टेपने जोडलेला पडदा त्याच्याकडे न्या. तो हे काम सीटकव्हरच्या दुकानापेक्षा चांगलं करेल.

टाक्याची लांबी ४ ते ५ मिमी ठेवा. बारीक टाका मजबूत असतो हा शर्टाचा नियम इथे चालत नाही. काचेत २ मिमीवर भोकं पाडली तर ती टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते आणि वाऱ्याच्या झोताने त्याच रेषेत फाटते. याच कारणाने सुरुवातीला आणि शेवटी मशीन मागेपुढे फिरवू नका. दोऱ्याची टोकं १० सेमी मोकळी सोडा, शेवटी पहिल्या टिपेच्याच भोकांवरून पाच-सहा टाके जाऊ द्या, टोकं आत ओढून गाठ मारा. सुरुवात बाजूच्या उभ्या कडेला, मध्याच्या जरा वर करा. वरच्या कडेवर वजन असतं, तळाला पाणी असतं, उभ्या कडेला दोन्ही त्रास कमी. टीप कापडाच्या दुमडीपासून ५ मिमी आत, आणि दुसरी ओळ तिच्यापासून ८ ते १० मिमीवर. दोन ओळी एकमेकींना फार जवळ घेतल्या तर पुन्हा तिकिटाची गोष्ट. आधी उरलेल्या तुकड्यावर तेच तीन थर घेऊन वीतभर शिवून बघा. खालचा दोरा वर दिसत असेल तर वरचा ताण कमी करा. दोऱ्याने काचेला खड्डा पडत असेल तर दोन्ही ताण कमी करा.

शिवून झाल्यावर शिवण बंद करायची. सुती कॅनव्हास असेल तर मधमाश्यांचं मेण शिवणीवर घासा आणि केस वाळवायच्या मशिनची कोमट हवा लांबून द्या. हवा कापडाकडे, काचेकडे नाही. रेक्झिनला पीव्हीसी शिवणीसाठीचा द्रव सीलर बारीक कुंचल्याने लावा. बाथरूमचं सिलिकॉन टाळा. ते कापडाला नीट धरत नाही आणि एकदा लागलं की त्या जागी दुसरं काही चिकटत नाही, पुढच्या दुरुस्तीची वाट लागते.

पाण्याची चाचणी पडदा गाडीवर ताणून घ्या. पाइपची धार आधी तळाच्या शिवणीवर पाच मिनिटं धरा, मग बाजूंवर, शेवटी वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. आतून कोरा कागद लावून ठेवला तर ओला ठिपका लगेच दिसतो. पहिल्या दिवशी सुईच्या भोकांतून एखाद-दुसरा थेंब आला तर घाबरू नका, मेणाचा दुसरा हात द्या. थेंब कापडाच्या दुमडीतून येत असेल तर मात्र थर चुकीच्या क्रमाने बसले आहेत, ती कड उसवावी लागेल.

सीटकव्हरवाल्याकडूनच करून घ्यायचं ठरवलंत तरी वरचं सगळं उपयोगी पडेल. ‘काच बदलून दे’ एवढंच सांगू नका. शीट तुम्ही आणून द्या. जुनी काच साचा म्हणून वापरू नको, टाका पाच मिमीचा ठेव, दोरा पॉलिस्टरचा, कोपरे गोल, असं सांगा. हे ऐकून तो वैतागला तर दुसरा बघा. समजून घेऊन उलट प्रश्न विचारले तर काम निर्धास्तपणे सोपवा. अख्खा पडदा नवा शिवणं हा मधला मार्गही त्याच्याशी बोला. मागचा पडदा बहुतेक जीपमध्ये वरच्या हुडापासून वेगळा निघतो. कमानीवरचं कापड चांगलं आणि पडदा थकलेला असेल तर हूड ठेवून फक्त पडदा नवा करणं सगळ्यात शहाणपणाचं. नवा पडदा सुती कॅनव्हासचा असेल तर काच बसवण्याआधी कापड एकदा भिजवून वाळवून घ्यायला सांगा. कोरा कॅनव्हास पहिल्या पाण्यात आटतो, काच आटत नाही, आणि मग ती पडद्यात पिशवीसारखी लोंबते.

उत्तराखाली एकाने जुन्या एमजीबद्दल, म्हणजे कापडी हुडाच्या ब्रिटिश मोटारीबद्दल, विचारलं आहे, म्हणून थोडं तेही. अशा मोटारींत काच असलेला भाग पडद्यासारखा लोंबत नसतो, हूड लावल्यावर तो सगळीकडून ताणात असतो. म्हणून तिथे जुनी काच आधी काढू नये. हूड गाडीवर ताणून खुणा करायच्या, हूड उतरवून नवी शीट आतून जुन्या काचेवर टेपने बसवायची, मध्ये पातळ पुठ्ठा सरकवायचा, जुन्या टिपेच्या जरा बाहेरून शिवायचं, आणि सगळ्यात शेवटी जुनी काच बाहेरून कापून काढायची. पुठ्ठा असल्यामुळे ब्लेड नव्या काचेला लागत नाही आणि भोकाचा आकार शेवटपर्यंत जुनी काच धरून ठेवते. अर्थात जुनी काच आकसलेली नसेल तरच हे करावं. काही हुडांत काच शिवलेली नसून उष्णतेने कापडाला वितळवून जोडलेली असते. तिथे जोडाची पट्टी न सोलता तशीच ठेवा, काच तिच्या आतल्या कडेने कापा आणि नवी काच त्या पट्टीवर शिवा. नंतरच्या काही मोटारींत हुडाला खरी काच चिकटवलेली असते. ते गोंदाचं काम आहे, सुईदोऱ्याचं नाही, आणि वरचं काहीच तिथे लागू होत नाही.

पडदा तयार झाल्यावर आठवडाभर गुंडाळू नका, टाके आणि शीट एकमेकांत बसू द्या. नंतरही गुंडाळताना नुसता गुंडाळू नका. ९० किंवा ११० मिमी व्यासाच्या पाण्याच्या पाइपचा पडद्याच्या रुंदीचा तुकडा घ्या, काचेवर सुती फडकं ठेवा आणि पडदा त्या पाइपभोवती गुंडाळून पट्टे बांधा. पट्टा काचेवरून आवळला तर तिथे कायमची घडी बसते. सकाळी थंडी असेल तर गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मगच पडदा वर घ्या. धुताना आधी नुसतं पाणी ओतून धूळ घालवा, मग मऊ फडकं. कोरड्या फडक्याने पुसलेली लाल माती काचेवर सँडपेपरसारखी चालते. पेट्रोल, थिनर, काच चमकवायचे फवारे आणि खोबरेल तेल यांतलं काहीही लावू नका. पावसाळ्यात पडदा ओला असताना गुंडाळून ठेवावाच लागला, तर घरी आल्यावर त्याच दिवशी सोडून वाळवा.

एप्रिल-मेमध्ये काम उरकलंत तर मेण कापडात मुरायला आणि राहिलेली गळती शोधायला जून उजाडण्याआधी पुरेसा वेळ मिळेल. कापडाच्या किनारीचा आतून-बाहेरून फोटो टाका, भोकं दिसतील असा जवळून. पट्टी लावावी लागेल की जुन्याच भोकांत शिवता येईल, ते त्यावरून नक्की सांगता येईल.